फरशीची निगा आणि तेजाबाची बाटली

रमजान ईद जवळ आली की आपल्या बाजारपेठेत सफाईची धांदल सुरू होते. दुकानाच्या भिंतींना रंग दिला जातो, शटरला तेल घातले जाते, फळ्या पुसल्या जातात. मग फरशीची पाळी येते आणि कुणीतरी हमखास म्हणते, "तेजाब मारून घ्या, शेठ, नव्यासारखी होईल." घरोघरी, दुकानात, मदरशात आणि मशिदीच्या वजूखान्यातही हाच सल्ला दिला जातो आणि ऐकलाही जातो. तेजाबाची बाटली स्वस्त असते, काम तासाभरात उरकते आणि फरशी ओली असेपर्यंत स्वच्छही दिसते. नुकसान काही दिवसांनी उघडे पडते, पण तोपर्यंत सफाईवाला पैसे घेऊन गेलेला असतो.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, दगडाचे जाणकार नव्हेत. परंतु एकदा ठेच लागल्यावर फरशीच्या कारागिरांजवळ बसून आम्ही बरीच विचारपूस केली. जे समजले आणि जे करून पाहिले, ते व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

मांजरीच्या गोदामात काय घडले

मांजरी बुद्रुक येथे आमचे कापडाचे छोटे गोदाम आहे आणि पुढच्या बाजूस दुकान. मांजरी हे मूळचे उसाचे, द्राक्षांचे आणि भाजीपाल्याचे गाव. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्ये येथेच स्थापन झाले. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले. आज जिकडे पाहावे तिकडे इमारती उभ्या राहत आहेत. आमच्या जागेत मात्र पाणी बोअरचेच आहे आणि ते जड आहे. बादली वाळली की तिच्या कडेला पांढरी रेघ उमटते.

गोदामात शहाबादी फरशी आहे. हात धुण्याच्या जागेभोवती या जड पाण्याचा पांढरा थर चढला होता. काही वर्षांपूर्वी ईदच्या आधी आम्ही एका सफाईवाल्याला बोलावले. त्याने तेजाब ओतले. फरशीवर फसफसून फेस आला. तो म्हणाला, "पाहा, मळ निघतो आहे." आम्हीही मान डोलावली. वास्तविक तो फेस मळाचा नव्हता, दगडाचा होता.

फरशी वाळल्यावर जागोजागी पांढुरके, खरखरीत पट्टे दिसू लागले. पूर्वी मळ आठवड्याने दिसत असे, आता तो दोन दिवसांत धरू लागला. पावसाळ्यात ती जागा कायम दमट राहू लागली. शटरच्या पट्ट्या आणि लोखंडी रॅकचे पाय गंजले. सर्वांत खालच्या फळीवर सुती मलमलीचे दोन ताके होते. त्यांवर तेजाबाचे शिंतोडे उडाले होते. काही दिवसांनी गिऱ्हाइकासमोर ताका उघडला, तेव्हा त्या ठिकाणी कापड बोट लावताच फाटले. लोकरीच्या जुन्या कापडातून सुताचा अंश घालवायचा असेल तर कारखान्यात याच तेजाबाची वाफ देतात. लोकर टिकते आणि सूत जळून भुगा होते. ही गोष्ट कापडवाल्याला ठाऊक असायला हवी होती. आम्हाला ती ठाऊक असूनही आठवली नाही.

पायाखाली कोणता दगड आहे?

कापडावरचा डाग काढण्याआधी आपण कापड सुती आहे, रेशमी आहे की पॉलिस्टर, हे पाहतो. फरशीचेही तसेच आहे. आपल्या भागातील फरश्यांचे ढोबळ मानाने तीन गट पडतात.

पहिला गट चुनखडीच्या दगडांचा. शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा ही सारी चुनखडीच आहे. शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येते. मांजरीवरून जाणारी सोलापूरची रेल्वे पुढे कलबुर्गी आणि शहाबाद ओलांडून वाडीला जाते. ही लाइन १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचली. पुण्याच्या जुन्या घरांत आणि दुकानांत शहाबादी एवढी का दिसते, याचा खुलासा यातून होतो. तांदूर तेलंगणातला, कडप्पा आंध्रातला आणि कोटा राजस्थानातला. संगमरमरही याच कुळातला. जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने चुनखडीचा संगमरमर बनतो. ताजमहालाला लावलेला मकराण्याचा दगड हा त्याचा नामांकित नमुना.

दुसरा गट सिमेंटच्या टाइलचा. मोझॅइक आणि जुन्या घरांतील रंगीत नक्षीच्या टाइल यात येतात. स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये, मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज या कारखान्याने अशा टाइल देशातच बनवायला सुरुवात केली. सिमेंटही चुनखडीपासूनच बनते आणि मोझॅइकमधील खडी बहुधा संगमरमराची असते. म्हणून हा गट पहिल्या गटाचा सख्खा भाऊ समजावा.

तिसरा गट ग्रॅनाइट, आपला काळा पाषाण आणि भट्टीत भाजलेल्या टाइलचा. गुजरातमधील मोरबीहून येणाऱ्या सिरॅमिक व व्हिट्रिफाइड टाइल या गटातल्या. यांच्या पृष्ठभागाला साधे तेजाब सहसा काही करत नाही. परंतु दोन टाइलमधले सांधे सिमेंटचेच असतात. वारंवार तेजाब मारले की सांधे पोकळ होतात, त्यातून पाणी आत शिरते आणि टाइल वाजू लागते.

फरशी कोणती हे समजत नसेल, तर कपाटामागे किंवा कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. पाच मिनिटांनी ते पाण्याने पुसा. त्या जागी चमक गेली, पांढुरका ठिपका पडला किंवा बारीक बुडबुडे आले, तर फरशी चुन्याच्या कुळातली समजावी. स्वयंपाकघरात कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडले की डाग पडतो, हे घरातील बायकांना चांगले माहीत असते. तो डाग लिंबाचा रंग नसतो. तेवढा दगड लिंबाने खाल्लेला असतो.

तेजाब नेमके काय करते

बाजारात साधारण तेजाब म्हणून मिळते ते हायड्रोक्लोरिक अॅसिड. चुनखडीवर ते पडले की दगड विरघळतो आणि वायू सुटतो. फेस दिसतो तो याच वायूचा. हिसाबाची सवय असलेल्या वाचकांसाठी सांगतो. ३० टक्के जोराचे एक लिटर तेजाब जवळजवळ अर्धा किलो चुनखडी विरघळवू शकते. हा अर्धा किलो फरशीच्या वरच्या पॉलिशमधून जातो.

विरघळलेल्या दगडाचे कॅल्शियम क्लोराइड नावाचे क्षार बनते. हवेतील ओल शोषून घेणे हा त्याचा गुणधर्म आहे. ते फरशीच्या छिद्रांत आणि सांध्यांत राहिले तर पावसाळ्यात फरशी दमट राहते. आमच्या गोदामातली ओल कुठून आली हे कोडे असे सुटले.

आता मुख्य मुद्दा. जड पाणी वाळल्यावर जो पांढरा थर उरतो, तो बहुतांशी चुन्याचाच असतो. म्हणजे वरचा थरही चुन्याचा आणि खालची फरशीही चुन्याची. थर कुठे संपला आणि फरशी कुठे सुरू झाली, हे तेजाबाला कसे कळणार? ते दोघांनाही सारखेच खाते. म्हणून चुन्याच्या फरशीवरचा पाण्याचा थर तेजाबाने काढता येईल, ही समजूतच मुळात चुकीची आहे. "थोडे पाणी घालून मारा" म्हटल्याने नुकसान हळू होते, टळत नाही. बाटलीवर टाइल क्लीनर किंवा बाथरूम क्लीनर असे लिहिले असले तरी आतला मालमसाला वाचावा. अशा अनेक बाटल्यांत हेच अॅसिड असते.

जिवाच्या दृष्टीनेही दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिनचा विषारी वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. दुसरे असे की, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेजाबाच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. खरेदीदाराचे ओळखपत्र पाहणे, रजिस्टरमध्ये नोंद ठेवणे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री न करणे या त्यातील मुख्य अटी आहेत. हार्डवेअरचा धंदा करणाऱ्या बंधूंनी हे विसरू नये.

रोजची सफाई

फरशीचा खरा शत्रू बाहेरून येणारी वाळू आहे. वाळूचे कण चुनखडीपेक्षा कितीतरी कठीण असतात. चपलेखाली आलेला प्रत्येक कण फरशीवर ओरखडा काढतो. म्हणून दारात काथ्याचे जाड पायपुसणे ठेवावे आणि आधी कोरडा झाडू मारावा, मग पोछा. वाळू न काढता ओला पोछा फिरवणे म्हणजे फरशीवर पॉलिशपेपर घासण्यासारखे आहे.

पोछ्याच्या पाण्यात सौम्य साबण अगदी थोडा घालावा. भांड्यांचा पातळ साबण बादलीला एक लहान चमचा पुरे. साबण जास्त झाला की जड पाण्यात त्याचा चिकट थर बनतो आणि त्यावर मळ बसतो. साबणाच्या पोछ्यानंतर साध्या पाण्याचा दुसरा पोछा मारावा आणि कोरड्या सुती कापडाने पुसावे. पाणी फरशीवर वाळू दिले नाही तर पांढरा थर धरतच नाही. वजूखान्यात दर नमाजानंतर शक्य नसेल, तर दिवसातून दोनदा रबरी वायपरने पाणी ओढून घ्यावे. एवढ्यानेच निम्मे काम होते. व्हिनेगर, लिंबू, चिंचेचे पाणी हे घरगुती उपाय पितळेच्या भांड्यांना चांगले, पण चुन्याच्या फरशीला तेही तेजाबच.

डाग आणि जुना थर

जुना पांढरा थर घासूनच काढावा लागतो. पातळ थर असेल तर पाणी टाकून, धारदार पाते आडवे धरून हलक्या हाताने खरवडावा. जाड असेल तर बारीक नंबरच्या घासायच्या दगडाने पाणी घालून घासावा. काम सावकाश होते, पण हात कुठे थांबवायचा हे कारागिराला दिसते.

तेलाचा डाग दगडाच्या आत शिरलेला असतो. तो वरून घासून जात नाही, शोषून बाहेर ओढावा लागतो. त्यासाठी लेप द्यावा. मुलतानी माती आणि थोडा धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून दह्यासारखे घट्ट करावे. डागापेक्षा थोडा मोठा, बोटाच्या अर्ध्या जाडीचा लेप द्यावा आणि वर प्लास्टिक झाकून कडा चिकटवाव्यात. २४ तासांनी प्लास्टिक काढून लेप आपोआप वाळू द्यावा. वाळताना तो तेल वर ओढतो. मग लाकडी पट्टीने लेप उचलून जागा धुवावी. जुना डाग एका लेपात जात नाही, दोन-तीनदा सबूर करावी लागते.

चहा, मेंदी, पानाचा रंग अशा डागांसाठी पांढऱ्या संगमरमरावर मातीऐवजी खडूची पूड घ्यावी. मातीत लोहाचा अंश असू शकतो. पुडीत औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड कालवावे. गडद दगडावर त्याने रंग फिकट होऊ शकतो, म्हणून आधी कोपऱ्यात पाहावे.

लेपाची ही पद्धत किरकोळ समजू नये. ताजमहालाचा संगमरमर पिवळसर पडू लागला तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेजाब वापरले नाही. त्यांनी मुलतानी मातीचाच लेप दिला. १९९४, २००१, २००८ आणि २०१४ मध्ये असे लेप देण्यात आले. शहाजहानच्या इमारतीला जी माती चालते, ती आपल्या दुकानाला का चालू नये?

गंजाचा डाग मात्र सर्वांत हट्टी. तो पडूच नये म्हणून लोखंडी रॅकच्या पायांखाली रबरी टोप्या घालाव्यात. खर्च मामुली असतो.

खालून येणारी ओल

काही फरश्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी येते. पुसली तरी चार दिवसांनी पुन्हा येते. हा लोणा आहे. जमिनीतील ओल वर येताना क्षार घेऊन येते, पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतो. नदीकाठच्या किंवा बागायतीच्या जमिनीवर बांधलेल्या तळमजल्यांत हा त्रास अधिक दिसतो.

पाहणी सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी उचला. खाली पाण्याचे थेंब असतील किंवा दगड काळवंडला असेल, तर ओल खालून येते आहे. अशा फरशीवर कुठलाही पक्का थर देऊ नये. ओलीची वाट बंद केली की क्षार थराच्या खाली साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आधी गळका नळ, बाहेरचा उतार, तुंबलेले गटार हे दुरुस्त करावे. भुकटी कोरड्या ब्रशने झाडावी. ती पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत आत जातो.

पॉलिशचे काम

तेजाबाने किंवा वापराने खराब झालेल्या चुन्याच्या फरशीला पुन्हा जीव आणता येतो, ही समाधानाची बाब आहे. आमची फरशीही अशीच सावरली. यासाठी मशीनने, पाणी सोडत, आधी जाड आणि मग क्रमाने बारीक नंबरच्या दगडांनी घासतात. मोझॅइकसाठी जुना क्रम ६०, १२० आणि ३२० असा आहे. आता हिऱ्याच्या कणांचे पॅड येतात. त्यांचे नंबर ५० पासून ३००० पर्यंत चढत जातात. नंबर कुठलाही असो, मधला टप्पा गाळला की आधीच्या दगडाचे गोल ओरखडे तसेच राहतात. ते ओल्या फरशीत दिसत नाहीत, वाळल्यावर दिसतात. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर थोडी जागा वाळवून पाहावी आणि मगच पुढचा दगड लावावा.

शेवटी ऑक्झॅलिक पावडर पाण्याबरोबर टाकून नमद्याने घासण्याची जुनी रीत आहे. हेही एक अॅसिडच आहे. ते मोजून आणि कसबी हातानेच वापरायचे असते. ते पोटात गेल्यास विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि पुडी मुलांपासून दूर ठेवावी.

एक महत्त्वाची सूचना. वजूखाना, जिने, बाथरूम आणि दुकानाची बाहेरची पायरी यांना आरशासारखे पॉलिश करू नये. तेथे २२० ते ४०० नंबरवर थांबावे. चमक पाहून गिऱ्हाईक खूश होते, पण ओल्या फरशीवरून एखादे वयस्कर माणूस घसरले तर त्याची किंमत कोण मोजणार?

सीलर : खळ आणि रंगातला फरक

फरशी स्वच्छ झाली की ती तशीच राहावी म्हणून सीलर लावतात. सीलर दोन प्रकारचे असतात. कापडाच्या भाषेत सांगायचे तर एक खळीसारखा असतो आणि दुसरा पक्क्या रंगासारखा. खळ कापडावर बसते. ती चमक देते, पण धुतली की उतरते. तसे अॅक्रिलिकसारखे सीलर आणि मेण फरशीवर पातळ थर धरतात. लगेच चमक येते, परंतु वर्दळीच्या वाटेवर थर झिजतो, कडेला तसाच राहतो आणि फरशी चट्ट्यापट्ट्यांची दिसते. त्यात खालून ओल असेल तर हा थर पांढरा पडून सुटतो.

दुसरा प्रकार दगडाच्या छिद्रांत मुरणारा. हे सीलर बहुधा सिलेन किंवा सिलोक्सेन जातीचे असतात. वर थर दिसत नाही आणि दगडाचा श्वासही बंद होत नाही. पाणी व तेल पटकन आत शिरत नाहीत, त्यामुळे सांडलेले पुसायला वेळ मिळतो. दुकान, घर आणि मशीद यांसाठी आम्ही हाच प्रकार सुचवू. मात्र हेही स्पष्ट सांगतो की, सीलर डाग रोखतो, तेजाब रोखत नाही. सीलर लावलेल्या संगमरमरावरही लिंबू पडले तर ठिपका पडणारच. कुणी याउलट हमी देत असेल तर विश्वास ठेवू नये.

सीलरची गरज आहे का, हे पाण्याचा थेंब सांगतो. फरशीवर थेंब टाकून दहा मिनिटे थांबा. खालचा दगड गडद झाला तर सीलर हवा. थेंब तसाच राहिला तर पैसे वाचवा. सिरॅमिक आणि चांगल्या व्हिट्रिफाइड टाइलना सीलर लागत नाही, फक्त सांध्यांना लावला तर पुरे.

लावताना फरशी पूर्ण कोरडी असावी. धुतल्यावर किमान दोन दिवस, आणि नवे सिमेंटकाम असेल तर २८ दिवस थांबावे. पुण्यात हे काम जानेवारी ते मे या काळात करावे, पावसाळ्यात नाही. सध्या रमजान याच सुमारास येतो, त्यामुळे ईदच्या सफाईबरोबर ते सहज जमते. पातळ हात द्यावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ, साधारण दहा-पंधरा मिनिटे, झाल्यावर वर उरलेला सीलर कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्यावा. पुसायचे राहिले की तो चिकट डाग बनून वाळतो. लागल्यास दुसरा हात द्यावा आणि एक दिवस फरशी वापरू नये. खरेदीचा हिसाब सोपा आहे. २० बाय ३० फुटांचे दुकान म्हणजे ६०० चौरस फूट. डब्यावर एका लिटरला १०० चौरस फूट लिहिले असेल तर पहिल्या हाताला सहा लिटर लागतील, दुसऱ्याला त्याहून कमी. दर वर्षी थेंबाची परीक्षा घ्यावी आणि गरज दिसली तरच पुन्हा लावावा.

कारागीर बंधूंसाठी

आपल्या समाजातील अनेक तरुण फरशी बसवण्याच्या आणि पॉलिशच्या कामात आहेत. मांजरी, हडपसर या पट्ट्यात इमारती वाढत असताना फरशीची निगा हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो, असे आमचे मत आहे. त्यासाठी मशीनपेक्षा शब्द मोठा. काम घेण्यापूर्वी कोपऱ्यात दोन फूट जागेचा नमुना करून दाखवावा. चौरस फुटांचे माप, किती टप्पे, कोणता सीलर, किती हात, हे कागदावर लिहून द्यावे. जे होणार नाही ते आधीच "होणार नाही" म्हणून सांगावे. असा कारागीर महाग असला तरी गिऱ्हाईक त्याला पुन्हा बोलावते.

जिवाची काळजी त्याहून महत्त्वाची. दगडाची कोरडी धूळ श्वासात जाऊ देऊ नका. ग्रॅनाइट आणि वालुकाश्म यांच्या धुळीत सिलिका भरपूर असते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग बरा होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात तो व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. सध्या लोकप्रिय असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांत सिलिकाचे प्रमाण फारच जास्त असते. कारागिरांच्या आजारामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. म्हणून कापणे आणि घासणे नेहमी पाण्याबरोबर करावे. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही, बारीक धूळ रोखणारा मास्क लावावा. ओल्या फरशीवर विजेचे मशीन चालते, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि जोड नसलेली अखंड वायर वापरावी. घासलेला राडा मोरीत सोडू नये. बादलीत निवळू द्यावा, नाहीतर गटार तुंबते आणि नाव आपले खराब होते.

मशिदीच्या विश्वस्तांनाही एक विनंती आहे. जमातीचा पैसा अमानत असतो. चार पैसे वाचवण्यासाठी वजूखान्यात दर रमजानला तेजाब मारले, तर काही वर्षांत फरशीच बदलावी लागते आणि तो खर्च पुन्हा जमातीच्याच माथी येतो. एक चांगला वायपर, सौम्य साबण आणि ते काम रोज करणाऱ्या खादिमला योग्य मोबदला, एवढ्यात ती फरशी वर्षानुवर्षे टिकेल. ज्या फर्शावर आपण सजद्यात कपाळ टेकतो, त्याची एवढी निगा राखणे आपल्याला जड जाऊ नये.

आमच्या गोदामातील फरशी आज ठीक आहे. फाटलेले दोन ताके मात्र आम्ही टाकले नाहीत. त्यांचे तुकडे करून तीच फडकी आता फरशी कोरडी करायला वापरतो. नवीन नोकर आला की त्याला आधी ती फडकी दाखवतो आणि मग पोछा हातात देतो. वाचकांपैकी कुणी या ईदला फरशी साफ करणार असेल, तर आधी कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून पाहावे. तेवढ्यानेही इन्शाअल्लाह मोठे नुकसान टळेल.